मोर्चा कुणाचा, राखण कशाची?

जागतिक व्यापार संघटनेविरुद्ध कुठे मोर्चा निघाला की तो डाव्यांचा असणार आणि उजव्या विचाराचा माणूस त्याला नाक मुरडणार, असा आपला एक पक्का समज आहे. महाराष्ट्राचा अनुभव या समजाला जुमानत नाही. दत्तोपंत ठेंगडींसारखे संघाचे प्रचारक या संघटनेविरुद्ध स्वतः रस्त्यावर उतरले. रास्ता रोको गावोगाव पोचवणारे शेतकरी नेते शरद जोशी मात्र तिच्या बाजूने उभे राहिले. आणि एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाच्या निमित्ताने शिवसेना-भाजप युती विरोधी बाकांवर एक भाषा बोलली, मंत्रालयात गेल्यावर दुसरी.

हा वाद ओवे गावात घालायला कारण आहे. १९७० मध्ये सिडको आली, ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबईचा आराखडा पडला आणि पनवेल तालुक्यातल्या ओव्याच्या शिवारावर खारघरचे सेक्टर चढले. याच पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, उरणमध्ये, मे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. जागतिक व्यापार पाहायला इथल्या माणसाला जागतिक व्यापार संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयात जावं लागत नाही. तो कंटेनरमध्ये भरून ट्रेलरवरून त्याच्याच तालुक्यातून जातो.

खालचा संवाद कल्पित आहे, त्यातल्या घटना खऱ्या आहेत. दादा ओव्याचे आगरी, प्रकल्पग्रस्त, आयुष्यभर शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) लाल बावट्याखाली वावरलेले. सर वाणिज्य शिकवून निवृत्त झालेले, बालपणापासून शाखेत गेलेले. त्यांचा मुलगा बंदरावर कस्टम क्लिअरिंगच्या धंद्यात, स्वतः राहायला ओव्यालगतच्या टॉवरमध्ये. दादांचं आणि सरांचं पटत नाही, आणि म्हणूनच रोज बोलणं होतं.

दादा : सर, एक विचारतो. रस्त्यावर माणसं उतरली की तुम्हा लोकांच्या कपाळाला आठी का पडते?

सर : कारण रस्ता अडवून व्यापाराचे नियम बदलत नाहीत. ३० नोव्हेंबर १९९९ चं सिएटल घ्या. जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद भरायची होती. पोलादकामगार, पर्यावरणवाले, विद्यार्थी, चर्चची मंडळी मिळून चाळीस-पन्नास हजार लोक जमले. उद्घाटन रद्द झालं, संचारबंदी लागली, नॅशनल गार्ड बोलवावं लागलं. मूठभर पोरांनी दुकानांच्या काचा फोडल्या आणि जगाने तेवढ्याच पाहिल्या.

दादा : पण परिषद मोडली की नाही?

सर : मोडली, पण आतल्या भांडणाने. शेतीच्या अनुदानावरून अमेरिका आणि युरोप यांचं जुळेना. त्यात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कामगारांच्या हक्कांची अट व्यापाराला जोडून निर्बंधांची भाषा केली. भारताने ती साफ नाकारली. वाजपेयींचं सरकार होतं, मुरासोली मारन वाणिज्यमंत्री होते. ही अट म्हणजे आमच्या स्वस्त मालाला दार बंद करण्याची युक्ती आहे, असं इथल्या डाव्या आणि उजव्या दोन्ही कामगार संघटनांचं मत होतं. म्हणजे बघा, रस्त्यावरचा अमेरिकन पोलादकामगार जे मागत होता, ते तिरुपूरच्या शिलाई कामगाराच्या पोटावर येणार होतं. मोर्चाला एवढं बारीक दिसत नाही. म्हणून आठी पडते.

दादा : हे पटण्यासारखं आहे. पण मग तुमच्याच घरातल्या मोर्चाचं काय करायचं? १६ एप्रिल २००१, दिल्लीचं रामलीला मैदान. भारतीय मजदूर संघाचा प्रचंड मेळावा. वक्ते दत्तोपंत ठेंगडी. घोषणा काय, तर जागतिक व्यापार संघटना ‘मोडो, तोडो या छोडो’. आणि सरकार कुणाचं? तुमच्याच वाजपेयींचं.

सर : दत्तोपंत आर्वीचे, आपल्या वर्धा जिल्ह्यातले. १९५५ मध्ये मजदूर संघ काढला, १९७९ मध्ये किसान संघ. नोव्हेंबर १९९१ मध्ये नागपुरात स्वदेशी जागरण मंच सुरू झाला, त्यामागेही तेच. त्या मेळाव्याच्या पंधरा दिवस आधी, १ एप्रिल २००१ ला, शेवटच्या ७१५ वस्तूंवरची आयातीची संख्यात्मक बंधनं भारताला उठवावी लागली होती, कारण अमेरिकेने जिनिव्हात खटला जिंकला होता. दत्तोपंत त्यावर भडकले होते आणि त्यांनी स्वतःच्या माणसांच्या सरकारला भर मैदानात झापलं. याला मी निष्ठा म्हणतो.

दादा : मीही म्हणतो. माझा प्रश्न पुढचा आहे. सिएटलच्या पोलादकामगाराची मागणी आणि रामलीला मैदानावरच्या मजदूर संघवाल्याची मागणी यात फरक किती? दोघंही म्हणतात, लांबच्या शहरात बसलेल्या लोकांनी आमच्या कारखान्याचं भविष्य ठरवू नये. एकाला तुम्ही अराजक म्हणता, दुसऱ्याला निष्ठा.

सर : फरक आहे. सिएटलमधल्या पुष्कळांना राष्ट्र नावाची गोष्टच नको होती. दत्तोपंतांना राष्ट्र वाचवायचं होतं.

दादा : आणि स्वदेशी जागरण मंचाचे पहिले संयोजक कोण? डॉ. म. गो. बोकरे. नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि आयुष्याचा मोठा काळ मार्क्सवादी राहिलेले अर्थतज्ज्ञ. आमच्या घरातला माणूस तुमच्या घरात गेला आणि त्याला वैचारिक कपडे फारसे बदलावे लागले नाहीत. याचा अर्थ या एका प्रश्नापुरती आपल्या दोघांमधली भिंत पातळ आहे.

सर : पातळ आहे, पण आहे. आणि उजव्या बाजूचं एकच घर आहे असंही समजू नका. शरद जोशींना कुठे बसवाल?

दादा : ते स्वतःला उजवे म्हणवून घेत नसत.

सर : नसतील. त्यांना हिंदुत्व नको होतं, सरकारही नको होतं. त्यांना हवा होता खुला बाजार. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी केलेला माणूस, ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला लागला. जागतिक संस्था आतून पाहिली होती आणि शेतकऱ्याचा तोटाही अंगावर घेतला होता. १९८० चं कांदा आंदोलन त्यांनीच केलं, रस्ते त्यांनीही अडवले. पण डिसेंबर १९९१ मध्ये, ज्यातून पुढे ही व्यापार संघटना उभी राहिली तो डंकेल प्रस्तावाचा मसुदा आला आणि देशभर शेतकरी संघटना त्याविरुद्ध उठल्या, कर्नाटकात नंजुंडस्वामींनी रान पेटवलं, तेव्हा जोशी उलट बाजूला उभे राहिले.

दादा : आमच्या सभांत त्यांना तेव्हा काय काय म्हटलं गेलं, ते सांगत नाही.

सर : त्यांचा मुद्दा ऐकून घ्या. ते म्हणायचे, बाहेरचे देश त्यांच्या शेतकऱ्याला अनुदान देतात आणि आपलं सरकार आपल्या शेतकऱ्याला उणे सबसिडी देतं. निर्यातबंदी, लेव्ही, जिल्हाबंदी, झोनबंदी लावून भाव पाडतं. भारत सरकारनेच व्यापार कराराच्या वाटाघाटीत कागदावर कबूल केलं की पिकांना दिलेला एकूण आधार उणे आहे. मग शेतकऱ्याचा शत्रू जिनिव्हात बसलाय की दिल्लीत? जागतिक करारामुळे दिल्लीचे हात बांधले जाणार असतील तर शेतकऱ्याने त्याविरुद्ध मोर्चा का काढावा?

दादा : कांद्याची निर्यातबंदी आजही जेव्हा मनाला येईल तेव्हा लागते, तेव्हा जोशी आठवतात, हे खरं. पण त्यांनी दिल्लीचे हात बांधायला ज्यांना बोलावलं, त्या अमेरिका-युरोपने स्वतःचे हात कुठे बांधून घेतले? त्यांची अनुदानं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेली, नावं बदलली, रक्कम राहिलीच. सप्टेंबर २००३ मध्ये कान्कूनच्या परिषदेबाहेर ली क्युंग-हे नावाच्या कोरियन शेतकऱ्याने कुंपणावर चढून स्वतःला भोसकून घेतलं. तो क्रांतिकारक वगैरे नव्हता. शेतकऱ्यांच्या संघटनेचा पुढारी होता, त्याची शेती गेली होती. जमीन, घर, गाव राखायला निघालेला माणूस. सर, राखायला निघालेल्या माणसाला तुम्ही डावा कसा म्हणता?

सर : हा प्रश्न खरा आहे. माझ्या मते उजव्या माणसाला तीन गोष्टी राखायच्या असतात. एक शिस्त, म्हणजे रस्त्यावर शांतता, कायद्याचा मान. दुसरी आपला देश, आपली घडी. तिसरी मालमत्ता, धंदा, बाजार. एरवी या तिन्ही हातात हात घालून चालतात, त्यामुळे निवड करावी लागत नाही. जागतिक व्यापाराविरुद्धचा मोर्चा त्यांची फारकत करतो. शिस्त सांगते, पोलिसांच्या मागे उभा राहा. देश सांगतो, मोर्चात जा. बाजार सांगतो, परिषदेच्या सभागृहात जाऊन बस. ठेंगडींनी देश निवडला, जोशींनी बाजार.

दादा : आणि टॉवरमधल्या बहुतेकांनी शिस्त.

सर : ही फारकत आजचीही नाही. १८४६ मध्ये इंग्लंडच्या सर रॉबर्ट पील या पंतप्रधानाने धान्याच्या आयातीवरचे कायदे रद्द केले आणि त्याचा हुजूर पक्ष उभा फुटला. काही म्हणाले, खुला व्यापार हाच शहाणपणा. बाकीचे म्हणाले, जमीनदार आणि गाव बुडालं. सिएटलच्या काळात अमेरिकेतही पॅट ब्युकॅनन हा कट्टर उजवा पुढारी जागतिक व्यापार संघटनेच्या नावाने बोटं मोडत होताच. पीलपासून हे भांडण चालू आहे, मिटलेलं नाही.

दादा : तुमच्या तीन गोष्टी छान आहेत, पण त्यातली कुठली कधी वर येते ते विचाराने ठरत नाही. खुर्ची कुणाकडे आहे आणि मोर्चात कोण आहे, यावर ठरतं. एन्रॉन आठवा. १९९३ च्या डिसेंबरात काँग्रेस सरकारच्या काळात दाभोळचा वीजखरेदी करार झाला. विरोधात असलेल्या युतीने प्रचारात एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा केली. १९९५ मध्ये सत्ता आली. मुंडे समितीने अहवाल दिला, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला. आम्ही लाल बावटेवाल्यांनीही मनात टाळी वाजवली. सहा महिनेही झाले नाहीत आणि जानेवारी १९९६ मध्ये तोच प्रकल्प फेरवाटाघाटी करून, आकाराने वाढवून मंजूर.

सर : दर कमी करून घेतला, असं सरकार म्हणत होतं.

दादा : म्हणत होतं. आणि १९९७ मध्ये गुहागर तालुक्यातल्या वेलदूरसारख्या गावांतल्या बायका विरोधात उभ्या राहिल्या तेव्हा त्याच सरकारच्या पोलिसांनी घरात घुसून मारलं. ॲम्नेस्टी आणि ह्यूमन राइट्स वॉच या संस्थांनी ते नोंदवून ठेवलं. यात गंमत सांगू? जागतिक बँकेनेच एप्रिल १९९३ मध्ये त्या प्रकल्पाला कर्ज नाकारलं होतं. वीज महाग पडेल, एवढ्या मोठ्या प्रकल्पाची निकड नाही म्हणून. म्हणजे वेलदूरची कोळीण आणि वॉशिंग्टनची बँक एका बाजूला, आणि स्वदेशीवालं सरकार दुसऱ्या बाजूला! मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. कोळीण खरी ठरली. मार खाऊन.

सर : एन्रॉनचं समर्थन मी करणार नाही. पण एक सांगतो. त्या फजितीत जे काही निष्पन्न झालं ते करारातल्या कलमांवर, न्यायालयात, लवादात. मोर्चाने गुहागरचा प्रश्न राज्यापुढे आणला. दराचं गणित कुणीतरी कागदावरच मांडलं.

दादा : कागद उघडायला भाग कुणी पाडलं? बरं, ते सोडा. तुमच्या पूर्वजांचा मोर्चा घेऊ. ऑक्टोबर १९०५, पुणे. परदेशी कापडाची होळी. विद्यार्थी सावरकर पुढे, टिळकांचा आशीर्वाद. मँचेस्टरच्या व्यापाराविरुद्धच होती ना ती? फर्ग्युसन कॉलेजने सावरकरांना दंड करून वसतिगृहातून काढलं. शिस्त म्हणून! आज त्या होळीचा सोहळा तुम्ही लोक करता. मग सिएटलच्या फुटक्या काचेने एवढा त्रास का?

सर : कारण पुण्याच्या पोरांनी स्वतःचे कोट जाळले. दुसऱ्याचं दुकान फोडलं नाही. स्वदेशीची शक्ती त्यातच होती; आधी स्वतःला झळ लावायची. सार्वजनिक काकांनी त्याच्याही आधी, १८७० च्या दशकात, स्वतः सूत कातून त्याच कापडाचे कपडे घातले आणि दिल्ली दरबारात तसेच गेले. कुणाची वाट अडवली नाही.

दादा : उत्तर चांगलं आहे. पण मग बाबू गेनू? १२ डिसेंबर १९३०, मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. वाटच अडवली. गिरणी कामगार, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. ट्रक अंगावरून गेला. त्या दिवशी शिस्तीच्या बाजूने कोण होतं? ट्रक, सार्जंट आणि व्यापारी. तुमचा स्वदेशी जागरण मंच दरवर्षी त्या दिवशी बाबू गेनूचं स्मरण करतो. मेलेल्या बाबू गेनूला हार, आणि जिवंत बाबू गेनू न्हावा-शेवा बंदराच्या ट्रेलरपुढे आडवा झाला तर?

सर : माझ्या मुलाचा कंटेनर अडकला तर मी पोलिसांना फोन करीन, खोटं कशाला बोलू. डेमरेजचा मीटर तासातासाने पळतो. पण तुलना नीट करा. १९३० मध्ये राज्य परक्यांचं होतं, मत देऊन ते बदलता येत नव्हतं. आज येतं. ज्याला मतपेटी उपलब्ध आहे त्याने ट्रकपुढे झोपण्याआधी दहादा विचार करावा.

दादा : जागतिक व्यापार संघटनेची मतपेटी कुठे असते सर? मराकेशला १५ एप्रिल १९९४ ला सही झाली, १ जानेवारी १९९५ पासून संघटना सुरू झाली. त्याआधी लोकसभेत मतदान घेऊन मंजुरी घेतली होती? आपल्या घटनेत परदेशी करारावर सही करायला सरकारला संसदेची परवानगी लागतच नाही. ओव्याच्या माणसाला ग्रामपंचायतीत मत होतं, आता पनवेल महापालिकेत आहे. कापूस, खाद्यतेल, बियाणं, औषधांची पेटंटं यांचे नियम जिथे ठरतात तिथे त्याचं मत कुठल्या खिडकीत टाकायचं?

सर : हा मुद्दा मानतो. पण संघटनेचे नियम सर्वसंमतीने ठरतात, भारताला ‘नाही’ म्हणता येतं आणि भारत म्हणालाही. डिसेंबर २०१३ मध्ये बालीला अन्नधान्य साठ्याबद्दल तात्पुरतं अभय मिळालं. जुलै २०१४ मध्ये नवीन मोदी सरकारने सांगितलं, हे अभय पक्कं करा, नाहीतर सीमाशुल्क सुलभ करण्याच्या करारावर आमची सही नाही. जगभरातून टीका झाली, सरकार हललं नाही. नोव्हेंबरमध्ये कायमचा तोडगा निघेपर्यंत अभय कायम, हे मान्य करून घेतलं. रेशनच्या दुकानातल्या गव्हा-तांदळाचं संरक्षण त्या टेबलावर झालं. रास्ता रोकोने नव्हे.

दादा : टेबलावर बसलेल्या मंत्र्याच्या पाठीत कणा कुठून आला? वीस वर्षं देशभरचे शेतकरी बोंबलत होते म्हणून ‘नाही’ म्हणणं राजकारणात फायद्याचं ठरलं. ४ नोव्हेंबर २०१९ ला भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला. त्याच्या आधीच्या महिन्यात स्वदेशी जागरण मंच देशभर निदर्शनं करत होता. न्यूझीलंडच्या दूधपावडरीने आपले गोठे ओस पडतील म्हणत. किसान सभाही तेच म्हणत होती. सरकारने ऐकलं. मंचाच्या निदर्शकांना परदेशी पैसा मिळतो, असं कुणी म्हटलं? नाही. २६ फेब्रुवारी २०२४ ला अबू धाबीत जागतिक व्यापार संघटनेची परिषद सुरू झाली त्या दिवशी संयुक्त किसान मोर्चाने महामार्गांच्या कडेला ट्रॅक्टर उभे केले. भारताने शेती या संघटनेच्या बाहेर काढावी म्हणून. दत्तोपंतांच्या २००१ च्या मागणीपासून ती फार लांब होती का? पण त्यांना काय काय विशेषणं मिळाली, टीव्हीवर ऐकलीत ना?

सर : विशेषणं मलाही आवडली नाहीत. पण २०२०-२१ च्या कृषी कायद्यांविरुद्धच्या आंदोलनात उजव्या बाजूचे सगळे एका सुरात नव्हते, हेही लक्षात ठेवा. शरद जोशींच्या परंपरेतल्या शेतकरी संघटनेने त्या कायद्यांना पाठिंबा दिला. तिचे अनिल घनवट सर्वोच्च न्यायालयाच्या समितीत होते. उलट किसान संघ दिल्लीच्या सीमेवर गेला नाही, पण रास्त भावाच्या मागणीसाठी सप्टेंबर २०२१ मध्ये त्याने स्वतंत्र धरणं धरलं. पुन्हा तेच झालं. बाजार इकडे, देश तिकडे, आणि शिस्तवाले टीव्हीसमोर.

दादा : सर, आता मी आमच्याकडे येतो. न्हावा-शेवा बंदराला जागतिक बँकेचं कर्ज होतं. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जासई-दास्तान फाट्यावर आणि नवघरच्या बाजूला गोळीबार झाला. आमचे शेकापचे पुढारी दि. बा. पाटील यांच्या मागे गेलेले पाच जण ठार. काँग्रेसचं सरकार होतं, वसंतदादा मुख्यमंत्री. गोळी झाडणारे उजवे नव्हते, हे आधीच मान्य. आमच्या हातात लाल बावटा होता म्हणून मुंबईचे शेठ, वर्तमानपत्रवाले, मध्यमवर्ग सगळे म्हणाले, डावे विकास अडवतात. पण आम्ही काय मागत होतो? क्रांती नाही. खाडीचं पाणी अडवून पिढ्यान् पिढ्या पिकवलेली भाताची शेतं, मिठागरं, गावदेवी, बापजाद्यांचं नाव सातबारावर. ते जाणारच असेल तर योग्य भाव आणि विकसित जमिनीत वाटा. यापेक्षा जास्त राखणारी मागणी कुठली असते? त्या दिवशी दास्तान फाट्यावर सगळ्यात सनातनी माणसं आम्ही होतो.

सर : आणि मिळालं काय? १९९० मध्ये साडेबारा टक्क्यांचा निर्णय झाला. संपादित जमिनीच्या मोबदल्यात विकसित भूखंड. देशात पुढे जमीन घेताना त्याचा दाखला दिला गेला. तो निर्णय बैठकीत झाला, फायलीवर झाला.

दादा : पाच प्रेतांनंतर सहा वर्षांनी. आणि भूखंड हातात पडायला त्यानंतर किती पिढ्यांनी सिडकोच्या पायऱ्या झिजवल्या, ते गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या रांगेत उभं राहून विचारा.

सर : मी तेच म्हणतोय. रस्ता बैठकीपर्यंत नेतो, बैठक सोडवते. जो रस्त्यावरच राहायचं ठरवतो, तो हरतो. दि. बा. वकील होते. मोर्चातही होते, विधिमंडळात आणि लोकसभेतही. म्हणून मिळालं. सिएटलवाल्यांकडे दि. बा. नव्हते.

दादा : हे वाक्य मी गावात जाऊन सांगीन. पण अर्धंच खरं आहे. बैठक स्वतःहून कधीच भरत नाही. २००५-०६ मध्ये सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र आलं. पेण-उरण-पनवेलच्या पंचेचाळीस गावांवर महामुंबई सेझ, निर्यातीसाठी करमुक्त बेट. प्रा. एन. डी. पाटलांसोबत लोक उठले. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचं मत घेतलं. मतपेटी तुम्हाला प्यारी ना? ती आम्ही रस्त्यावरून आणली. निकाल मात्र सरकारने अधिकृतपणे जाहीर केला नाही. संपादन बारगळलं, शेती राहिली. त्या बाजूला तुमचे टॉवर आले नाहीत ते त्यामुळे.

सर : आले असते तर कदाचित तिथल्या पोरांना नोकऱ्याही मिळाल्या असत्या. तुमचा नातू कुठे कामाला आहे?

दादा : कंटेनर फ्रेट स्टेशनवर. सुपरवायझर.

सर : म्हणजे जागतिक व्यापारावर तुमच्या घरची चूलही पेटते.

दादा : पेटते. म्हणून मी व्यापार बंद करा म्हणत नाही. ज्याच्या जमिनीवरून तो जातो त्याला विचारा, एवढंच म्हणतो. आणि व्यापार नको म्हणणारे आता कोण आहेत ते पाहा. जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. सिएटलच्या पोरांना जे जमलं नाही ते अमेरिकेच्या उजव्या राष्ट्राध्यक्षाने न्यायाधीशांच्या नेमणुका अडवून केलं.

सर : अडवाअडवी ओबामांच्या काळातच सुरू झाली होती आणि बायडन यांनीही ती सोडली नाही. पण हो, कुलूप लागलं ट्रम्प यांच्या काळात. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागलं तेव्हा कोलंबी आणि कपडे पाठवणाऱ्या निर्यातदारांचे चेहरे माझ्या मुलाने पाहिले. तेव्हा मला जिनिव्हाचे ते कंटाळवाणे नियम बरे वाटू लागले. बलवान देशाला निदान खटल्यात तरी ओढता येत होतं. मोर्चेवाल्यांनी ज्या घराचं छप्पर उडवा म्हटलं, त्या छपराखाली दुबळेही उभे होते.

दादा : छप्पर होतं, पण गळत होतं ते आमच्याच डोक्यावर. तुम्ही लोक मात्र मजेदार. त्याच वर्षीच्या जुलैत ब्रिटनशी मुक्त व्यापार करार आणि त्याच ऑगस्टमध्ये पुन्हा स्वदेशीची हाक.

सर : त्यात मला विसंगती दिसत नाही. दाराला कडी असावी आणि दार उघडताही यावं. कडी कधी काढायची ते घरच्यांनी ठरवावं.

दादा : इथेच अडतं. घरचे म्हणजे कोण? टॉवरमधले, मंत्रालयातले, की गावठाणातलेसुद्धा? तुमच्या शिस्त-देश-बाजार या तिन्हींमध्ये एक गोष्ट राहून गेली. जागा. माणूस जिथे उभा आहे ती जमीन. ठेंगडींनी देश राखला, जोशींनी शेतकऱ्याचं स्वातंत्र्य राखलं, पोलिसांनी रस्ता राखला. गाव राखायला निघालेल्याला मात्र सगळे मिळून आंदोलनजीवी म्हणतात. खरा उजवा विचार असेल तर तो गावापासून सुरू व्हायला हवा होता.

सर : तो तसा सुरू झाला होता, वाटेत राजधानीत अडकला, हे मला मान्य करावं लागेल. तरीही मी तुमच्या मोर्चात येणार नाही. गर्दीचा मला अजूनही भरवसा नाही. गर्दीला ‘नको’ म्हणता येतं, ‘असं हवं’ हे लिहून देता येत नाही. ज्या दिवशी मोर्चा मागणीचा मसुदा घेऊन येईल, कलमवार, त्या दिवशी बोलू.

दादा : मसुदा आम्ही नेहमीच आणतो. वाचतं कोण?

सर : मी वाचीन. मोर्चात कोण आहे, बावटा कुठल्या रंगाचा आहे, पैसा कुठून आला, हे विचारायच्या आधी मागणी वाचीन. एवढा शब्द देतो.

दादा : आणि वाचून झाल्यावर?

सर : वाचून झाल्यावर तुमच्याशी भांडेन. कलमाकलमावर.

दादा : भांडा. चौऱ्याऐंशी साली कुणी आमच्याशी नुसतं भांडलं असतं, तर पाच माणसं वाचली असती.